वळिवडे कॅम्पच्या गोष्टीतलं १९४५ साल कुठं गेलं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर पानभर लेख आला. फोटो चांगले होते. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ, २०१९ साली पोलंडहून आलेले पाहुणे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापुढं वाहिलेलं पुष्पचक्र, सगळं आलं. ‘कोल्हापूरच्या माणुसकीनं पाच हजार जिवांना आसरा दिला’ हे वाक्य तर फिरून फिरून तीनदा आलं. कोल्हापूरकराची छाती फुगायला एवढं पुरे आहे. पण त्या लेखात ही माणसं १९४३ साली येतात आणि १९४८ साली जातात. मधलं १९४५ साल कुठं गेलं, हे विचारायला हे पत्र.

हे विचारायचा मला काय अधिकार, ते आधी सांगते. मी रुकडीची. पोस्टाच्या काउंटरवर बसून नोकरी केली, आता घरीच असते. माझ्या सासूबाईंचं माहेर वळिवडे. लहानपणी त्या आईबरोबर कॅम्पात अंडी विकायला जायच्या. मामंजी लढाईत होते, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, इटलीत. दोघांचं लग्न लढाईनंतर झालं. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात चुलीच्या एका अंगाला पोलंडच्या बायका बघितलेली बाई आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्या नवऱ्यांच्या शेजारी लढलेला माणूस. दोघांनाही शाळा फारशी नव्हती. पण त्यांच्याकडून जे कानावर पडलं ते मला एकाही लेखात, एकाही भाषणात सापडत नाही.

मुळात ही माणसं इथं आली कशी? लेखात ‘हिटलरच्या छळातून सुटून’ असं लिहिलंय. ते अर्धंच खरं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडात घुसला, आणि १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून. वळिवड्यात आलेली बहुतेक माणसं त्या पूर्व भागातली. त्यांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं ते स्टॅलिनच्या माणसांनी. पुढं जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टॅलिनला पोलिश माणसांची गरज पडली आणि त्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहिली, १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. धडधाकट पुरुष फौजेत गेले, बायका, पोरं, म्हातारी माणसं हिंदुस्थानात नाहीतर आफ्रिकेत. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमध्ये बसलेलं पोलिश सरकार करत होतं. म्हणजे आसरा आपण दिला हे खरं, पण ती माणसं आपल्या दारात भिकारी म्हणून आली नव्हती. कॅम्पात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. सासूबाई सांगायच्या, ‘घासाघीस करायच्या, पर पैसं रोख टाकायच्या.’

कॅम्प सुरू झाला त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, जर्मनांनी जगाला सांगितलं की रशियातल्या कातिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली. १९४० च्या वसंतात रशियानं तिथं आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश कैदी गोळ्या घालून मारले होते. रशियानं आळ जर्मनीवर ढकलला. खरं काय असावं याचा अंदाज लंडनमध्ये अनेकांना होता, पण ते गप्प बसले. ते का गप्प बसले, हेही समजून घेतलं पाहिजे. हिटलरशी जमिनीवरची सगळ्यात मोठी झुंज रशिया देत होता. त्या लढाईत रशियाची दोन कोटींहून जास्त माणसं गेली. त्याला दुखवलं आणि त्यानं हिटलरशी परस्पर तह केला तर? म्हणून बावीस हजार माणसांचा खून टेबलाखाली सरकवला. रशियानं तो कबूल केला १९९० साली. कॅम्पातल्या कितीतरी बायकांना आपण सधवा की विधवा हेच ठाऊक नव्हतं. सासूबाईंना कातिनचं नावही माहीत नव्हतं. पण अंडी घेणाऱ्या एका बाईबद्दल त्या सांगायच्या. तिच्या खोलीत नवऱ्याचा वर्दीतला फोटो होता आणि ती त्याच्याकडं बोट दाखवून रोज एकच म्हणायची, ‘चिठ्ठी नाही.’ एवढं मराठी ती शिकली होती. पोस्टात बसून मी ‘पत्र आलंय का’ विचारणारी शेकडो तोंडं बघितली आहेत, त्यामुळं ही बाई माझ्या डोक्यातून जात नाही.

आता १९४५. फेब्रुवारीच्या ४ ते ११ तारखांना रशियातल्या याल्टात अमेरिकेचे रूझवेल्ट, ब्रिटनचे चर्चिल आणि रशियाचे स्टॅलिन बसले आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाला देऊन टाकायचं पक्कं झालं. पोलंडला त्याबदली पश्चिमेकडं जर्मनीची जमीन मिळायची होती. पोलंडचा एकही माणूस त्या टेबलाशी नव्हता. वळिवड्याच्या कॅम्पातल्या बहुतेकांची घरं, शेतं, देवळं, पूर्वजांच्या कबरी त्या पूर्व भागात. लढाई अजून संपायची होती आणि त्यांचं गाव त्यांच्या देशाबाहेर गेलं होतं. तेही शत्रूनं नेलं नव्हतं, दोस्तांनी देऊन टाकलं होतं.

आणि त्यांचे नवरे, भाऊ, लेक त्या वेळी कुठं होते? इटलीत, आघाडीवर. मे १९४४ मध्ये माँते कासिनोच्या पडक्या मठावर झेंडा लावला तो याच पोलिश फौजेनं. त्या टेकडीच्या उतारावर त्यांचे हजारावर लोक पुरले आहेत. याल्टाची बातमी आली तेव्हा अँडर्सपुढं जो पेच पडला, तो मला त्या सगळ्या युद्धातला सर्वांत अवघड पेच वाटतो. ज्या घरासाठी लढायचं ते घर तर गेलं. आता फौज आघाडीवरून मागं घ्यायची? घेतली तर शेजारच्या फौजांच्या बगला उघड्या पडतात, आणि हिटलरला हसायला मिळतं. न घ्यावी, तर ज्यांनी आपल्याला विकलं त्यांच्यासाठी पोरं मारायची. अँडर्सनी फौज मागं घ्यायची मागणी केलीही. लंडनला जाऊन चर्चिललाही भेटले. चर्चिल त्यांच्यावर उखडला आणि तुमची फौज हवी तर घेऊन जा, अशा अर्थाचं बोलला. पण इटलीतल्या सेनापतींकडं त्या जागी उभं करायला दुसरे सैनिकच नव्हते. पोलिश फौज जागेवर राहिली.

९ एप्रिल १९४५. सेनिओ नावाची नदी. नदी कसली, आपल्या पंचगंगेपुढं ओढाच, पण दोन्ही काठांना पुराचे बांध घातलेले, तीस-पस्तीस फूट उंच, त्यात जर्मनांनी भुयारं खणून मशीनगनी बसवलेल्या. दुपारभर विमानांनी बॉम्ब टाकले. त्यातले काही चुकून पोलिश सैनिकांवरच पडले. म्हणजे हल्ला सुरू व्हायच्या आधीच त्यांची माणसं आपल्याच बाजूच्या बॉम्बनी गेली. संध्याकाळी सगळे निघाले. आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर मराठे, त्यांच्या शेजारी न्यूझीलंडवाले, आणि त्याच नदीवर वरच्या अंगाला पोलिश. याच संध्याकाळी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा हा शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. पुढं गेलेल्यांतले कंपनी कमांडर आणि दोघं जखमी झाले, बाकीचे पडले. नामदेवांनी दोन जखमींना सुरुंगांतून, पाण्यातून एकेक करून मागं आणून पोचवलं, आणि परत जाऊन मशीनगनींची ठाणी एकट्यानं गप्प केली. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. हा पराक्रम आपल्याला ठाऊक आहे, असायलाच पाहिजे.

मामंजींची गोष्ट पराक्रमाची नाही. ते त्याच बटालियनचे, नामदेवांचं नाव अभिमानानं घ्यायचे. स्वतःबद्दल मात्र विचारलं की तंबाखू मळायला लागायचे. एकदाच, नागपंचमीच्या दिवशी, घरात आम्ही दोघंच असताना बोलले. ‘मागनं आगीचं बंब आलं. पान्याचा फवारा सोडावा तशी आग पल्याडच्या बांधावर. जर्मन पळत न्हवता गं, जळत हुता.’ हे आग फेकणारे रणगाडे आणि गाड्या त्या संध्याकाळी सेनिओवर वापरल्या होत्या, हे मी नंतर वाचलं. पुढं त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते. ‘यक पोरगं हात वर करून आलं. मिशी फुटल्याली न्हवती. कातडं लोंबत हुतं. पानी पानी करत हुतं, कुठल्या बी भाषंत कळतंय ते. मी बाटली दिली. हवालदारानं आईवरनं शिव्या दिल्या, म्हनला आपल्या जखमीस्नी काय पाजनार हाईस? म्होरं रातभर आपली मानसं येत हुती उचलून. त्यातल्या एकाला माझ्या बाटलीतलं पानी कमी पडलं आसंल का, त्ये मला म्हाईत न्हाई.’ एवढं बोलून ते उठून गोठ्यात गेले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीकडं झुकलं होतं. म्हणजे हा हिशेब ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं करत होते.

इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती लागू झाली २ मे ला. ९ एप्रिलपासून मोजा, तेवीस दिवस. मामंजी म्हणायचे, ‘समद्यास्नी ठावं हुतं लढाई सपत आलीया. मग त्या टायमाला मरायचं कुनाला हुतं?’ हा हल्ला करायची गरज होती का, यावर विद्वान अजून भांडतात. रशियन फौजा बर्लिनच्या तोंडाशी आल्या होत्या, तेव्हा इटलीतल्या एका नदीवर पोरं कशाला मारायची, असं एक म्हणणं. माझाही कल बरीच वर्षं तिकडंच होता, घरातल्या माणसाकडं बघून होणारच. पण दुसरी बाजू कोल्हापुरात बसून दिसत नाही. बोलोन्याजवळच्या मार्झाबोत्तोत १९४४ च्या शरदात जर्मनांनी साडेसातशेहून जास्त गावकरी मारले, त्यात बायका आणि तान्ही मुलंही होती. अशा मुलखातल्या आईला ते तेवीस दिवस तीन महिने झाले असते तर? जर्मन तुकड्या तिथं अडकल्या नसत्या तर त्या कुठं गेल्या असत्या? बोलोन्यात २१ एप्रिलला पहिले शिरले ते पोलिश. लोकांनी त्यांच्यावर फुलं टाकली. दुसऱ्याचं शहर सोडवून दिलं, पूर्वेकडचं स्वतःचं ल्वुव शहर मात्र गेलं होतं.

८ मे ला युरोपातली लढाई संपली. सासूबाईंच्या आठवणीत तो दिवस पक्का होता. गावात कुणीतरी पेढे वाटले. त्या आणि त्यांची आई कॅम्पात गेल्या त्या चार पैसे जास्त मिळतील या आशेनं, आज सण म्हणजे अंडी खपणार. ‘कुनी हासत न्हवतं. बायका व्हरांड्यात बसल्याल्या. माझ्या आयला वाटलं कोन मेलं काय.’ कोण मेलं होतं हे त्या मायलेकींना कोण सांगणार? ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सातल्या रशियाधार्जिण्या सरकारला मान्यता दिली, आणि लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता गेली. ज्या सरकारच्या भरवशावर वळिवड्यात चूल पेटत होती ते सरकार कागदावरून पुसलं गेलं. त्याच्या आधी जूनमध्ये मॉस्कोत पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांवर खटला चालला होता. पुढच्या वर्षी, ८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं संचलन झालं. जगभरच्या फौजा त्यात चालल्या, कासिनो घेणारी पोलिश फौज नव्हती.

मग कॅम्पातल्या बाईनं करायचं काय? परत जायचं, तर कुठं? गाव रशियात. पोलंडात जावं तर सायबेरिया बघून आलेलं माणूस त्या सरकारवर भरवसा ठेवील का? न जावं, तर तिकडं मागं राहिलेली आई, बहीण कायमची तुटली. आणि नवरा फौजेत, तो इंग्लंडला जाईल की मायदेशी, याचं उत्तर येईपर्यंत मुलांच्या शाळेचं काय? थोडे परत गेले. बरेचसे पुढं इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. एखाददुसरी पोर इथल्याच तरुणाशी लग्न करून कोल्हापूरची झाली. १९४८ ला कॅम्प रिकामा झाला आणि त्याच चाळींत फाळणीत घरंदारं सोडून आलेले सिंधी बांधव राहायला आले. तेच आजचं गांधीनगर. घाऊक कापडाच्या खरेदीला तिथं जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कुणास ठाऊक. मला स्वतःला साड्यांच्या भावाशिवाय तिथं दुसरं काही सुचत नाही, हेही खरं.

पाहुण्यांचा पेच सांगितला तर घरचाही सांगितला पाहिजे. त्या युद्धात हिंदी सैन्यात पंचवीस लाख माणसं भरती झाली, ८७,००० मेली. त्यांना भरतीला जबरदस्ती नव्हती, असं म्हणतात. आमच्या शिरोळ-हातकणंगल्यात पावसावरची दोन एकर आणि खाणारी नऊ तोंडं असली की जबरदस्ती वेगळी लागत नाही. सैनिक टाकळीसारख्या गावात तर घराघरातून माणूस फौजेत. त्याच वेळी इकडं काय चाललं होतं? डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीला सात जण हुतात्मा झाले. वाळव्याकडं नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं. मामंजींचा मावसभाऊ त्या बाजूचा, पत्री सरकारच्या लोकांना भाकरी पोचवायचा. म्हणजे एक भाऊ इंग्रजाच्या पगारावर इटलीत आणि दुसरा इंग्रजाच्या पोलिसांपासून लपत उसाच्या फडात. पत्रातून हे एकमेकांना कळवायची सोय नव्हती, सैनिकांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे. जवाहरलाल नेहरू तुरुंगातून सुटले ते जून १९४५ मध्ये, इटलीतली लढाई संपून महिना उलटल्यावर. मामंजी परत आले तेव्हा मावसभावानं त्यांना विचारलं, ‘कुनासाठी लढलास?’ मामंजींनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि दोघांचं पुढं कित्येक वर्षं जाणं-येणं नव्हतं. कोण बरोबर होता, हे मला विचाराल तर मी भाकरी पोचवणाऱ्याच्या बाजूची. पण मामंजींच्या मनीऑर्डरवर घरातली चार पोरं जगली, त्यातला एक पुढं माझा नवरा झालेल्या माणसाचा चुलता. त्यामुळं माझं मत मी घरात फार मोठ्यानं बोलत नाही.

माझं मागणं साधं आहे. वळिवड्यावर पुन्हा लिहाल तेव्हा ‘माणुसकी’ एकदा लिहा आणि उरलेल्या जागेत याल्टा, सेनिओ आणि ५ जुलै येऊ द्या. आपण आसरा दिला, एवढंच सांगत राहिलो तर ती माणसं आपल्या कौतुकाला लावलेली चित्रं होतात. स्मारकाजवळ किंवा कॅम्पच्या जागी माहितीफलक लावायचं चाललं असेल तर त्यावर एक ओळ अशीही हवी की या कॅम्पातल्या बायकांच्या घरच्या पुरुषांच्या शेजारी आपल्या मुलखातले पुरुषही त्याच आघाडीवर होते.

आणि दुसरं, हे जास्त घाईचं. इटलीत, ब्रह्मदेशात, आफ्रिकेत गेलेल्यांच्या घरात अजून डिस्चार्ज बुकं, पदकं, पोस्टकार्डं असतील. माळ्यावर ट्रंकेत असतात, घर पाडून स्लॅब टाकताना रद्दीत जातात. मामंजींचं इटली स्टार पदक नातवानं गणपतीच्या आराशीत लावलेलं मी स्वतः काढून घेतलं. आपल्या दैनिकानं वाचकांना आवाहन करावं, अशा कागदांचे फोटो मागवावेत, आठवड्याला एक छापावा. इटलीत फोर्ली इथं हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचं दहन झालं त्यांची नावं तिथं कोरलेली आहेत. ती यादी मोबाइलवर शोधता येते. पुष्कळ नावांपुढं गाव दिलेलं असतं, स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाचं. शोधताना हातकणंगले, शिरोळ, करवीर, पन्हाळा जमेल तशा स्पेलिंगनं घालून बघावं. कुणाला जमलं नाही तर मी करून देईन, पत्ता ओळखायची सवय आहे. माझा पत्ता संपादकीय विभागाकडं या पत्रासोबत दिला आहे.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी
रुकडी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर